‘सॉड ऑफ’ म्हणाला म्हणजे हाकललं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ सांगलीचे, पाच महिन्यांपूर्वी आयटीच्या कामासाठी लीड्सला आले. ऑफिसातल्या एकाची फुटबॉल टीम शनिवारी सपाटून हरली, त्यावरून सोमवारी यांनी त्याला जरा छेडलं. तो म्हणाला, “ओह, सॉड ऑफ!” सगळे हसले, हेही हसले. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर समोर ‘असभ्य, चालता हो’. झोप उडाली. त्याच आठवड्यात ‘जॉग ऑन’ आणि ‘ऑन युअर बाइक’ कानावर पडलं आणि गाडी लावताना एका अनोळखी माणसाने “डू वन, मेट” म्हणून घालवलं. आता यातली शिवी कुठली, थट्टा कुठली, आणि उलट आपण काय बोलायचं?

मी मँचेस्टरच्या आसपास नव्याने आलेल्या मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवतो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. नर्सेस, स्वयंपाकघरात राबणारे, टॅक्सीवाले, तुमच्यासारखे आयटीतले, सगळे येतात. दर बॅचला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी हाच प्रश्न खालच्या आवाजात विचारतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थ विचाराल तर एका ओळीत संपतो. तुम्ही लिहिलेले चारही प्रयोग म्हणजे ‘चल, नीघ’. पण तुमची झोप अर्थामुळे उडालेली नाही. आपल्याला त्यांनी बाहेर काढलं की आत घेतलं, हे तुम्हाला कळत नाहीये. आणि ते डिक्शनरीत नसतं. मी तिथे नव्हतो, त्याचा चेहरा पाहिलेला नाही, त्यामुळे शंभर टक्के मीही सांगू शकत नाही. तरी तुम्ही दिलेल्या तपशिलावरून अंदाज नक्की बांधता येतो.

आधी माझी फजिती सांगतो. 1999 साली इथे आलो तेव्हा पहिली नोकरी बोल्टनमधल्या एका बेकरीत, पाव पॅक करायची. मुकादम साठीचा, अस्सल लँकेशायरचा, दिवसभरात दहा शब्द बोलणारा. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पाचला वीस मिनिटं कमी असताना तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “गो ऑन, बगर ऑफ होम, लॅड.” माझे हातपाय गार पडले. नोकरी गेली! मी केसांवरची जाळीची टोपी काढली, अ‍ॅप्रनची घडी घालून टेबलावर ठेवली आणि पावसात बसस्टॉपवर येऊन बसलो. शनिवार-रविवार जेवण गेलं नाही. सोमवारी उरलेला पगार मागायला गेलो तर तो माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, “टोपी कुठाय तुझी?” त्याने मला वीस मिनिटं लवकर सोडलं होतं. पगार पाचपर्यंतचा लावला होता. तीन आठवडे मान खाली घालून काम केलं त्याचं ते बक्षीस होतं.

आता याच्या उलट. पुढच्या वर्षी शिकवण्याच्या कामाची चौकशी करायला एका कॉलेजात गेलो. तिथल्या बाई इतक्या गोड बोलल्या की विचारू नका. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “वेल, आय मस्टंट कीप यू.” मी म्हटलं, “नाही नाही, मला भरपूर वेळ आहे.” त्या हसल्या. दोन मिनिटांनी म्हणाल्या, “तुम्हालाही बरीच कामं असतील.” मी म्हटलं, आज सुट्टीच आहे, आणि पिशवीतून दुसरं सर्टिफिकेट काढलं. मग त्या उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, “आय विल लेट यू गेट ऑन.” तेव्हाही मला वाटलं, काय अगत्य आहे बाईंचं! मला तीन वेळा हाकललं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं.

नव्या माणसाची गफलत नेमकी इथे होते. इंग्रजाला खरंच तुम्हाला घालवायचं असतं तेव्हा तो बहुधा आवाज खाली आणतो, शब्द मऊ करतो आणि तुमच्या वेळेची काळजी करायला लागतो. खरखरीत शब्द ओळखीतल्या माणसांसाठी राखून ठेवलेले असतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पाहुण्याला उठवायचं असलं की आपण ‘जा’ म्हणतो का? “बरं, या मग,” म्हणतो. निघणाराही ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आणि लंगोटीयाराला मात्र “चल फूट!” मराठी माणसाला हे शिकवताना मला वेगळं काही करायचंच नसतं, फक्त ‘या मग’ची आठवण करून द्यायची असते.

आता शब्दांकडे वळू, कारण वजन तरी माहीत हवं.

सगळ्यात मोठं कुटुंब ‘ऑफ’चं. पुढे क्रियापद बदलत जायचं: पुश ऑफ, क्लिअर ऑफ, बझ ऑफ, बॉग ऑफ, सॉड ऑफ, बगर ऑफ, पिस ऑफ, आणि टोकाला एफवाला, जो तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मागचं ‘ऑफ’ जाण्याचं काम करतं, पुढचा शब्द फक्त तिखट किती ते ठरवतो. क्लिअर ऑफ हे म्हातारे लोक अंगणात चेंडू घेऊन आलेल्या पोरांना म्हणतात. पुश ऑफ, बझ ऑफ जुन्या वळणाचे, शाळकरी पुस्तकातले वाटतात.

सॉड आणि बगर यांचं मूळ मात्र गलिच्छ आहे. ‘सॉड’ म्हणजे बायबलमधल्या सोडोम गावावरून आलेल्या शब्दाचा तुकडा. ‘बगर’ तर थेट बल्गेरियातून आला. लॅटिनमध्ये बल्गारुस म्हणजे बल्गेरियन. तिथल्या एका पंथाला चर्चने पाखंडी ठरवलं, पाखंडी म्हटल्यावर त्यांच्यावर नाही नाही ते लैंगिक आरोप झाले, आणि फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत शिवी होऊन उतरला. 1533 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात त्याच नावाचा कायदा झाला, शिक्षा फाशी. आज बोल्टनचा मुकादम ‘बगर ऑफ होम’ म्हणतो तेव्हा यातलं काहीही त्याच्या डोक्यात नसतं. ‘पुअर सॉड’ म्हणजे बिचारा, ‘लकी सॉड’ म्हणजे नशीबवान लेकाचा, ‘सिली ओल्ड बगर’ हे तर बायको नवऱ्याला प्रेमाने म्हणते. आपल्याकडे ‘च्यायला’ म्हणताना कोण फोड करून बघतं?

वजनाचा सरकारी काटाही आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने 2016 मध्ये लोकांना विचारून शिव्यांची प्रतवारी केली. त्यात बगर आणि सॉड ऑफ हे ‘सौम्य’ गटात आहेत, पिसवाले शब्द ‘मध्यम’ गटात, आणि एफवाला अर्थातच सगळ्यात वरच्या गटात, रात्री नऊच्या आधी ज्याचं नावही काढायचं नाही. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने कपाटातलं खालच्या कप्प्यातलंच काढलं होतं.

पिसबद्दल एक सावधगिरी. ‘पिस ऑफ’ म्हणजे नीघ. ‘पिस्ड ऑफ’ म्हणजे वैतागलेला. नुसतं ‘पिस्ड’ म्हणजे ब्रिटनमध्ये प्यायलेला, पण अमेरिकन माणसाच्या तोंडी तेच चिडलेला. आणि ‘टेकिंग द पिस’ म्हणजे टिंगल करणं. माझ्या वर्गातला एक जण बॉसला ईमेलमध्ये ‘क्लायंट पिस्ड आहे’ असं लिहून बसला होता. क्लायंट शुद्धीत होता, फक्त रागावला होता.

‘नॅफ ऑफ’ तुम्हाला फारसं ऐकू येणार नाही, पण त्याची गोष्ट मला आवडते. ‘नॅफ’ हा शब्द पोलारी नावाच्या गुप्त बोलीतही होता. नाटक-सर्कशीतली मंडळी आणि समलिंगी पुरुष ती बोली आपसांत बोलायचे. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध 1967 पर्यंत गुन्हा होता, त्यामुळे लपूनच बोलावं लागे. 1970च्या दशकात बीबीसीवर तुरुंगावरची एक विनोदी मालिका लागायची. कैद्यांच्या तोंडी खरी शिवी घालता येत नव्हती, म्हणून लेखकांनी ‘नॅफ ऑफ’ घातलं आणि ते देशभर झालं. 1982 मध्ये बॅडमिंटनच्या घोड्यांच्या स्पर्धेत राजकन्या अ‍ॅनने मागे लागलेल्या फोटोग्राफरांना हेच सुनावल्याची बातमी झाली. हे बॅडमिंटन म्हणजे ग्लॉस्टरशायरमधलं ते ठिकाण, जिथल्या वाड्यावरून आपल्या पुण्यात वाढलेल्या खेळाला नाव पडलं.

शिवी चोरून देण्याचा आणखी एक मार्ग लष्करी आहे: ‘फॉक्सट्रॉट ऑस्कर’. वायरलेसवर एफ आणि ओ ही अक्षरं अशी सांगतात. सैन्यातून निवृत्त झालेला कुणी ऑफिसात असेल तर कधीतरी ऐकाल.

आता दुसरी जात, ज्यात शिवी अजिबात नाही. ‘हॉप इट’, ‘स्लिंग युअर हुक’, ‘ऑन युअर बाइक’, ‘जॉग ऑन’. स्लिंग युअर हुक म्हणजे तुझा आकडा उचल. हा आकडा गोदीतल्या हमालाचा की जहाजाच्या नांगराचा, यावर अभ्यासक भांडतात. मी वर्गात मराठी माणूस असला की एकच शब्द सांगतो: गाशा गुंडाळ. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. स्वार निघाला की गाशा गुंडाळणार, हमाल निघाला की आकडा खांद्याला लावणार. आता ना घोडा राहिला ना आकडा, दोन्ही भाषांत माणसं आपापली हत्यारं उचलून निघतातच आहेत.

‘ऑन युअर बाइक’ला राजकारण चिकटलेलं आहे, ते माहीत असू द्या. 1981 मध्ये ब्रिक्स्टन, हँड्सवर्थ अशा भागांत दंगली झाल्या, बेकारी वाढली होती. ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूलला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात मंत्री नॉर्मन टेबिट म्हणाले की तिशीच्या दशकात माझे वडील बेकार होते, त्यांनी दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम मिळेपर्यंत शोधत राहिले. विरोधकांनी त्याचं केलं ‘बेकारांना सांगतो, सायकल काढा आणि चालू पडा’. तेव्हापासून उत्तरेतल्या खाणी आणि गिरण्यांच्या गावांत, म्हणजे तुमच्या यॉर्कशायरमध्येसुद्धा, साठी ओलांडलेल्या माणसासमोर सायकलीचं नाव काढलं की कधी कधी चेहरा बदलतो. तुमच्या ऑफिसातल्या पंचविशीच्या पोराला यातलं काही माहीत नसणार.

जॉग ऑन आणि ऑन युअर बाइक यांची एक खोड मी पुष्कळदा पाहिली आहे. तोंडावर म्हणण्यापेक्षा मागून सांगताना ते जास्त वापरतात. “जुन्या सायकलीचे दोनशे पौंड मागत होता, म्हटलं जॉग ऑन.” प्रत्यक्षात तो “नो, थँक्स” म्हणून आलेला असतो. आपलेही लोक “असा झापला त्याला!” म्हणून सांगतात तसंच. तुम्ही ऐकलेलं अशा गोष्टीत होतं की थेट तुम्हाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गोष्टीत असेल तर सोडून द्या.

‘डू वन’ खास आमच्या बाजूचं, लिव्हरपूल-मँचेस्टरकडचं, आता सगळीकडे पसरलंय. स्कॉटलंडमध्ये गेलात तर ‘जा, तुझं डोकं उकडून घे’ अशा अर्थाचं ‘अवा अँड बाइल युअर हीड’ ऐकाल. बटाटे उकडतात तसं डोकं! याला रागवायचं कसं तेच मला कळत नाही.

एक प्रकार मात्र मन लावून ऐका. “गेट अवे!” किंवा “गिव्ह ओव्हर!” हे उत्तरेत सर्रास आहे आणि त्याचा जाण्याशी काडीचा संबंध नाही. तुम्ही म्हणालात की माझ्या काकांनी सत्तर पुरणपोळ्या केल्या, तर समोरची बाई म्हणेल, “गेट अवे!” म्हणजे “जा बाई, काहीतरीच!” आपल्या ‘हट्’, ‘चल’, ‘जा रे’ला जी दोन तोंडं आहेत तीच यालाही आहेत. तुमचं ‘ओह, सॉड ऑफ’ निम्मं याच जातीचं होतं. ‘चल, तू पण ना!’

विषय निघालाच आहे तर एक शब्द उलट्या दिशेने गेलेला. मी देवळालीजवळचा. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने डोकी फिरायची. त्याला ते ‘डुलॅली टॅप’ म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रज ‘गॉन डुलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट झाला असं म्हणतो. ज्यांना निघून जायची घाई होती आणि जाता येत नव्हतं, त्यांनी माझ्या गावाचं हे केलं. वर्गात मी हे सांगितलं की पहिल्यांदा सगळे माझ्याकडे संशयाने बघतात.

तर आता तुमचा सोमवार. मी विद्यार्थ्यांना शब्द विसरून आधी आजूबाजूचं बघायला सांगतो. ‘सॉड ऑफ’च्या आधी ‘ओह’ होता. तो ओह फार कामाचा आहे; ज्याला खरंच हाकलायचं असतं तो ओह लावत बसत नाही. तुम्ही आधी छेडलं होतं, म्हणजे चेंडू तुम्ही टाकला आणि त्याने टोलवला. लोक तुमच्याकडे बघून नाही, तुमच्याबरोबर हसले. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे पुढे काय झालं. तो खुर्ची फिरवून स्क्रीनकडे वळला, की तिथेच उभा राहून अजून काही बोलला? जो ‘नीघ’ म्हणतो आणि स्वतः तिथेच थांबतो, त्याला तुम्ही जायला नको असता. माझ्या हिशेबाने तुम्हाला त्या दिवशी टीममध्ये घेतलं. पाच महिने ते तुमच्याशी प्लीज आणि थँक्यूच्या भाषेत बोलत होते ना? ते परकेपण होतं.

गाडीवाल्याचं वेगळं. अनोळखी माणूस, आधी काही गंमत झालेली नाही, आवाज खाली पडणारा. तिथे ‘मेट’ असल्यामुळे गोंधळू नका. आपल्याकडे दोस्त “भाऊ!” म्हणतो आणि रिक्षा आडवी घालणाराही “ओ भाऊ, निघा” म्हणतो, दोन्ही भाऊ सारखे नव्हेत. त्याने तुम्हाला खरंच हाकललं. उत्तर न देता गाडी काढलीत हे बरोबर केलंत. पार्किंगच्या जागेवरून इथे शहाणी माणसंही डुलॅली होतात.

एका गोष्टीत मात्र थट्टा-बिट्टा बघत बसायची नाही. ‘गो होम’, ‘गो बॅक टू व्हेअर यू केम फ्रॉम’. यात एकही शिवी नाही, ऑफकॉमच्या यादीत शोधायला जाऊ नका, पण हे आधीच्या कुठल्याच जातीत बसत नाही. तिथे जायला सांगताना तुमचा देश आणि रंग मध्ये आणलेला असतो. ऑफिसात हे कुणी हसत हसत म्हटलं तरी 2010च्या इक्वालिटी अ‍ॅक्टखाली तो वांशिक छळ ठरू शकतो, आणि ‘मी गंमत केली’ एवढ्यावर बोलणारा सुटत नाही. त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा. कामाच्या ठिकाणच्या वादांवर एकास या संस्थेची हेल्पलाइन फुकट सल्ला देते. रस्त्यावर घडलं तर पोलिसांकडे नोंद करता येते. माझ्या वर्गातली एक परिचारिका ‘जाऊ दे’ म्हणत आठ महिने ऐकत राहिली, आणि शेवटी लिहायला बसली तेव्हा तिला एकही तारीख आठवेना.

आणि मी हे शब्द वापरू का? लगेच नको. शब्द पाठ करता येतो, सूर करता येत नाही. आपला मराठी माणूस ‘सॉड ऑफ’ म्हणताना दोन्ही शब्दांवर सारखाच जोर देतो, आणि ते नोटीस बजावल्यासारखं ऐकू येतं. आधी ‘गेट अवे’ आणि ‘गिव्ह ओव्हर’ घ्या. चुकलं तरी कुणी दुखावत नाही, आणि यॉर्कशायरमध्ये तुमच्या तोंडून ‘गिव्ह ओव्हर’ ऐकून लोक खूश होतील. बगर आणि सॉड त्यांनी तुम्हाला चार-पाच वेळा म्हटल्यावर, त्याच माणसांना, त्याच खोलीत. बॉसला नाही, ग्राहकाला नाही, ईमेलवर तर मुळीच नाही. तिथे सूर पोचतच नाही. एफवाला ऑफिसात सगळे वापरत असले तरी तुम्ही वर्षभर लांब राहा. त्यांच्या तोंडी तो विसरला जातो, नव्या माणसाच्या तोंडी लक्षात राहतो.

त्याची टीम पुन्हा हरेलच. तेव्हा काही बोलू नका, नुसतं त्याच्या टेबलापाशी जाऊन तोंड पाडून उभे राहा. तो “सॉड ऑफ” म्हणेल. मग त्याचा कप उचलून विचारा, “ब्रू?” म्हणजे चहा. साखर किती लागते ते आधीच माहीत करून ठेवा.